सातवा पट्टा

बोडी आटत आली की शिंगूर गाळात उतरतो.
एप्रिलच्या दुपारी सुकरामकाका त्याला पायांनी शोधतो,
अंधारात चप्पल चाचपावी तसा,
आणि मी पाळीवर थर्माकोलचा डबा घेऊन.
डब्यात कोरडा बर्फ, नागपूरहून आणलेला.
साकोलीच्या स्टँडवर एकानं विचारलं होतं,
कुल्फी कशी दिली?

मला मासा नको, काटा हवा.
खरं तर काटाही नको,
काट्यावरची पातळ साल हवी,
तिच्यातल्या त्या फुगीर पेशी,
ज्या फुटल्या की धडधाकट माणूस बोंब मारतो.
छातीच्या पराचा काटा मी मुळाशी कातरते,
नळीत टाकते, तारीख लिहिते, वेळ लिहिते.
काका म्हणतो, "मासा वीस रुपयाचा,
अन् त्याच्या नखाचा एवढा थाट!"

फुलवंताआत्याला तीनदा लागलाय.
एकदा तर हळदीच्या ओल्या हाताला.
पाणी कढत करायचं, सोसेल इतकं,
आणि हात बुडवून बसायचं.
मी सांगते, आत्या, ते विष म्हणजे प्रथिन,
उष्णतेनं त्याची घडी मोडते,
अंड्याचा पांढरा बलक कसा, एकदा शिजला की
पुन्हा पातळ होत नाही.
"मंग आमी का खेर म्हनून बुडवत होतो?"

लॅबमध्ये जेलवर निळे पट्टे उमटले, बारा.
एकेक कापून, तुकडे करून, यंत्रात तोलला.
त्याच पेशींनी लिहिलेल्या चिठ्ठ्याही वाचल्या,
अ ट ग क, अ ट ग क, लाखो ओळी,
आणि कुठला तुकडा कुठल्या चिठ्ठीतला
हे जुळवत बसले पावसाळाभर.
काही जुळले दूरच्या समुद्रातल्या दगडमाशांशी.
काही तर साधे निघाले, घरचेच:
कातडी बुळबुळीत ठेवणारे, जखम सांधणारे,
कुठल्याशा पिढीत जनुकाची नक्कल झाली,
मूळ कामावर राहिलं
आणि नक्कल काट्यावर जाऊन बसली.

सातवा कशाशीच जुळला नाही.
पडद्यावर शेरा आला: अनोळखी.
हा शब्द मी आधी पाहिलाय,
जरा वेगळ्या हस्ताक्षरात.
हॉस्टेलच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढे
क्लार्कनं न विचारता लिहिलं होतं, इतर.

म्हणून यंदा वही घेऊन आले.
आत्या, कळ कशी असते? क्रमानं सांग.
ती मासे घासता घासता थांबली.
एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
"पयले चटका. इस्तवाचा.
मंग ठनक, कोपरापोत, ढोलावानी.
अन् कढत पानी नाई भेटलं,
तं राती, सारे निजले का,
हाडात कोनीतरी जातं फिरवते. दरते. दरतच रायते."
तीन ओळी लिहिल्या.
पहिलीपुढे पट्टा दोन, दुसरीपुढे चार आणि पाच,
पेन्सिलनं, कारण हा पुरावा नाही.
तिसरीपुढे सात लिहिलं
आणि प्रश्नचिन्ह.

दुसऱ्या दिवशी डबा कलंडला,
मी मासा सावरायला गेले आणि लागला मला.
चटका. घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा.
ठणक आली चार वीसला, खरंच ढोलासारखी,
डाव्या हातानं लिहिली, वाकडीतिकडी.
रात्रीपर्यंत थांबायचं ठरवलं होतं मी,
दात आवळून, कुणाला न सांगता.

आत्यानं हात पाहिला. तोंड पाहिलं.
काही बोलली नाही.
चुलीवरचं पातेलं आणलं
आणि माझं मनगट धरून आत दाबलं,
पोर धुवावं तसं, दया न दाखवता.

घडी मोडली त्याची.
मी रडले, थोडं दुखण्यानं, थोडं रागानं.
रात्री गाढ झोप लागली.
वहीत तिसरी ओळ आहे,
तिच्यापुढे वेळ नाही.